सरपंच तुम्ही आणि फाईल मालकांकडे: गुंता कुठून सोडवायचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: करवीर तालुक्यातल्या गावात महिला-राखीव पदावर तुम्ही थेट सरपंच म्हणून निवडून आलात. सभेला शेजारच्या खुर्चीत मालक, म्हणजे तुमचे यजमान, बसतात, फाईल आधी त्यांच्याकडे जाते आणि सहीपुरती तुमच्यापुढे येते. महिला सभा घेतली तर बायका येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-पुरुष समानतेच्या उद्दिष्टाचा गावाशी संबंध काय, हेही तुम्हाला हवंय. आणि असंच चालणार असेल तर या 50 टक्के आरक्षणाचा उपयोग काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

मालक शेजारी बसतात हे सगळ्यांना दिसतं, म्हणून बोलणं तिथेच अडकतं. उद्या ते बसायचे बंद झाले तरी विषयपत्रिका दुसऱ्यानेच ठरवली, डिजिटल सही दुसऱ्याच्याच खिशात राहिली आणि इतिवृत्त तुम्ही न वाचताच लिहिलं गेलं, तर खुर्ची मोकळी होऊनही कारभार तिथेच राहील. ग्रामपंचायतीत अधिकार कागदावरून फिरतो. विषय कोण लावतो, पैसे कोणाच्या हातून सुटतात, ठराव कोणाच्या शब्दांत लिहिला जातो आणि बायकांची मागणी आराखड्यात चढते की नाही, या चार ठिकाणी तुमचा हात असला की बाकीचं हळूहळू जागेवर येतं. म्हणून सरपंचांच्या प्रशिक्षणात मी भाषणकलेवर फार वेळ घालवत नाही, रोकडवही उघडायला लावते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी बोलू. गगनबावड्याच्या बाजूची सात सदस्यांची ग्रामपंचायत आणि हातकणंगल्याच्या औद्योगिक पट्ट्यातली सतरा सदस्यांची, कारखान्यांची घरपट्टी गोळा करणारी ग्रामपंचायत यांना एकच सल्ला लागू होत नाही. सदस्यांत बहुमत तुमच्या पॅनेलचं आहे की समोरच्यांचं, यावरही बरंच ठरतं. थेट निवडणुकीमुळे सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असं आपल्या जिल्ह्यात अनेकदा होतं. एक दिलासा असा की थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतर आणला तरी तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केल्यावर तो ग्रामसभेपुढे जावा लागतो. म्हणजे पाया घालायला दोन वर्षं हातात आहेत. घरातलं वातावरण कसं आहे ते तुम्हालाच ठाऊक, त्यावर बाहेरून कोणी बोलू नये. पण मदत करणारा नवरा आणि कारभार बळकावणारा नवरा यांत फरक आहे. बँकेत सोबत येणं, सातबारा वाचून दाखवणं, तालुक्याला गाडीवरून सोडणं ही मदत झाली. सही, पिन आणि अध्यक्षपद मात्र वाटून घ्यायच्या गोष्टी नाहीत.

सुरुवात डिजिटल सहीपासून करा. वित्त आयोगाचा पैसा आता धनादेशाने जात नाही. ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालींवर ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे गाव अजून ज्यांना ग्रामसेवकच म्हणतं ते, देयक तयार करतात आणि सरपंच आपल्या डिजिटल सहीने ते मंजूर करतात. ही सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि तिला पिन असतो. बऱ्याच गावांत टोकन संगणक परिचालकाच्या खणात पडलेलं असतं, पिन एका चिठ्ठीवर त्याच खणात असतो आणि ओटीपीसाठी नोंदवलेला मोबाईल नंबर मालकांचा नाहीतर माजी सरपंचांचा असतो. तेव्हा टोकन ताब्यात घ्या, पिन बदला आणि नंबर स्वतःचा नोंदवून घ्या. एवढ्याने देयक तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुटणार नाही. आणि फाईल तुमच्याकडे का येत नाही यासाठी भांडायचीही गरज उरणार नाही, ती यावीच लागेल.

टोकन लावण्याआधी चार कागद बघा: मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, शाखा अभियंत्यांनी केलेली मोजमाप पुस्तिकेतली नोंद, आणि ठेकेदाराचं बिल. चारांतलं एक कमी असेल तर फाईल परत पाठवा. परत पाठवताना तोंडी सांगू नका, फाईलवर ‘अमुक कागद जोडून सादर करावे’ एवढंच लिहून तारीख घाला. गटाराची लांबी अंदाजपत्रकात 120 मीटर, मोजमाप पुस्तिकेत 120 मीटर आणि जागेवर 90 मीटर, असले प्रकार टेप घेऊन गेल्याशिवाय कळत नाहीत, म्हणून टेप घेऊन जा. सोबत दोन महिला सदस्य असू द्या. स्वनिधीच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या, खात्यावर अजून धनादेश चालत असतील तर कोऱ्या धनादेशावर सही कधीही करू नका, ‘साहेब उद्या नाहीत, दोन करून ठेवा’ असं म्हटलं तरीही. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली सरपंच आणि सचिव, म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी, दोघांच्या नावावर लागते. कारभार दुसऱ्याने केला हा बचाव तिथे चालत नाही. ही एक गोष्ट घरात शांतपणे समजावून सांगितली तर निम्मा विरोध मावळतो असं मी पाहिलंय. वसुलीची नोटीस कोणालाच नको असते.

दर सोमवारी अर्धा तास दप्तराला द्या. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांचे ठरलेले नमुने एकूण 33 आहेत, पण रोजच्या कारभाराला चार पुरतात: नमुना 1 अंदाजपत्रक, नमुना 5 सामान्य रोकडवही, नमुना 8 कर आकारणी आणि नमुना 9 कर मागणी. रोकडवहीची शिल्लक आणि बँक पासबुकाची शिल्लक महिन्याअखेर जुळली पाहिजे, आणि जुळत नसेल तर का नाही ते लेखी मागा. शिक्षण कमी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. घरखर्चाचा आणि बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला जमा-नावे कळतं. तिला अडवतात ते कागदांवरचे शब्द, आणि ते महिनाभरात ओळखीचे होतात.

मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी निघाली पाहिजे. तुम्ही त्याच्या आठवडाभर आधी आपल्या विषयांची यादी सहीनिशी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या आणि आवक क्रमांक घ्या. विषयपत्रिकेच्या तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ अशी एक ओळ असते. सगळी गंमत त्या ओळीत असते. वादग्रस्त खरेदी, गायरानातल्या जागेचं काम, कोणाची तरी नोंद असे विषय तिथून आत येतात. अध्यक्ष तुम्ही आहात, तेव्हा परवानगी तुमचीच लागते. एक नियम करून टाका, की पैशाचा कोणताही विषय ऐनवेळी घेतला जाणार नाही, पुढच्या सभेच्या पत्रिकेवर येईल. दोन-तीन सभांत लोकांना ते अंगवळणी पडतं.

इतिवृत्त सभा उठण्याआधी वाचून घ्या. सूचक आणि अनुमोदक यांची नावं, बाजूने किती, विरोधात किती, हे त्याच बैठकीत लिहिलं गेलं पाहिजे. ओळींमध्ये कोरी जागा राहिली तर तिथे नंतर काहीतरी उगवतं, म्हणून मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारा आणि खाली सही करा. बहुमत समोरच्या गटाचं असेल तर तुम्ही हराल, हरकत नाही. हरल्याची नोंद नीट करा. ठराव नियमाबाहेरचा वाटला तर कारण लिहून गटविकास अधिकाऱ्यांना कळवा.

मालकांच्या बसण्याचं बघू. मासिक सभेत बोलायचा आणि मत द्यायचा अधिकार सदस्यांचा आहे. दुसऱ्या कोणी सदस्यांच्या रांगेत बसून चर्चा चालवायची नाही, आणि सभेत शिस्त राखणं हे अध्यक्षाचं काम आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने या ‘सरपंच पती’ प्रकारासाठी 2023 मध्ये समिती नेमली आणि 2025 मध्ये आलेल्या तिच्या अहवालात कडक दंडाची शिफारस झाली, म्हणजे प्रश्न फक्त तुमच्या गावचा नाही. तरीही भर सभेत नवऱ्याला उठवू नका. ती ठिणगी घरी पेटते आणि गावही मग कामाऐवजी तेवढंच चघळतं. त्यापेक्षा टेबलाभोवती सदस्यसंख्येइतक्याच खुर्च्या ठेवा, प्रत्येकीवर नावाची पाटी लावा आणि हजेरीवही फिरवून सभा सुरू करा. सगळ्याच महिला सदस्यांच्या घरच्यांना एकच नियम लागला की तो कोणा एकाचा अपमान राहत नाही. ग्रामसभेला मालकांनी मतदार म्हणून अवश्य यावं, समोर बसावं, प्रश्न विचारावेत.

महिला सभेवर जरा थांबते, कारण खरी ताकद तिथे आहे आणि सर्वांत जास्त ढोंगही तिथेच चालतं. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. प्रत्यक्षात ग्रामसभेच्या दिवशी सकाळी शिपाई रजिस्टर घेऊन गल्लीतून फिरतो आणि चाळीस सह्या गोळा होतात. सभा झालीच नाही, तर बायका येत नाहीत असं म्हणायला तरी काय अर्थ आहे? आणि जिथे खरंच बोलावतात तिथे वेळ असते सकाळी अकराची, भांगलणीच्या ऐन दिवसांत. आपल्याकडे बाईचा दिवस धारेने सुरू होतो, डेअरीला दूध घालून ती रानात जाते आणि संध्याकाळी पुन्हा धार असते. मोकळा वेळ सापडला तर दुपारी दोन ते चार, नाहीतर रात्री जेवणं उरकल्यावर. ग्रामसभेच्या किमान तीन दिवस आधी वेगळ्या दिवशी सभा ठेवा, आणि ती चावडीत किंवा पंचायतीच्या हॉलमध्येच भरली पाहिजे असं नाही. अंगणवाडी, समाजमंदिर, देवळाचा मंडप चालतो, पण मागासवर्गीय वस्तीतल्या बायका बिनदिक्कत येऊन बसतील अशी जागा निवडा. निरोप दवंडीवर सोडू नका. उमेदचा ग्रामसंघ (गावातल्या बचत गटांचा संघ), आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत घरोघरी जाऊ द्या.

सभेत ‘काय अडचणी आहेत?’ असं विचारलंत तर सगळ्या गप्प बसतील किंवा सगळ्या एकदम बोलतील. नेमकं विचारा. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, कोणत्या गल्लीत पोचत नाही? रात्री कुठल्या रस्त्याने जायला नको वाटतं? मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहाला दार, कडी आणि पाणी आहे का? उत्तरंही तशीच मोजून लिहा. ‘पाण्याची सोय व्हावी’ ही मागणी आराखड्यात चढत नाही. ‘वॉर्ड 3, वरची गल्ली, 22 घरं, दाब कमी, वेगळी व्हॉल्व्ह आणि 150 मीटर वाहिनी’ ही चढते, कारण तिचं अंदाजपत्रक करता येतं. मग ती मागणी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर महिला सभेचा ठराव म्हणून घ्या. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, आणि गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गटबाजीच्या गावात गणपूर्ती होऊ न देणं हा एक खेळच असतो. साठ-सत्तर बायका उठून आल्या तर तो खेळ तिथेच संपतो. आणि ग्रामसभा वेळेत न घेणं हे सरपंचपद जाण्याचं कारण ठरू शकतं, हे विसरू नका.

आराखडा म्हणजे ‘आमचं गाव, आमचा विकास’ खालचा वार्षिक आराखडा. त्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. तुमच्या प्रश्नातला आंतरराष्ट्रीय भाग इथे गावात उतरतो. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांत पाचवं स्त्री-पुरुष समानतेचं आहे. पंचायतींसाठी या सगळ्यांच्या नऊ संकल्पना केल्या आणि त्यांतली नववी आहे ‘महिलास्नेही गाव’. गाव ही संकल्पना निवडतं, ऑनलाइन आराखड्यात चिन्हांकित करतं आणि पुढे काहीच करत नाही, कारण संकल्पनेखाली काम आणि रक्कम लिहिलेलीच नसते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची, होती, 30 पाण्याला आणि 30 स्वच्छतेला, उरलेली 40 टक्के अबंधित. महिला सभेतल्या बहुतेक मागण्या पाणी आणि स्वच्छतेच्याच असतात. म्हणजे त्यांना वेगळा पैसा शोधावा लागत नाही, बंधित निधीतली कोणती गल्ली आधी घ्यायची एवढंच ठरवायचं असतं. गावातला खरा निर्णय तोच असतो.

याशिवाय स्वनिधीच्या 10 टक्के महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांवर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. समजा वर्षाचं स्वउत्पन्न 12 लाख आहे. तर महिला व बालकल्याणाचे 1 लाख 20 हजार झाले. ही रक्कम मार्चअखेरीपर्यंत तशीच पडून राहते आणि मग घाईने शिलाई मशीन नाहीतर अंगणवाडीच्या खुर्च्या येतात. शिलाई मशीन वाटपाबद्दल माझं मत चांगलं नाही. वीस घरांच्या गल्लीत सहा मशीन दिल्या तर पाच कपाटाआड जातात. त्याऐवजी महिला सभेत जूनमध्येच यादी करा, ऑगस्टपर्यंत खरेदी उरका. मागच्या वर्षांचा अखर्चित अनुशेष किती आहे ते लेखी विचारा, बऱ्याचदा तो चालू वर्षाच्या रकमेपेक्षा मोठा निघतो.

तुमचं गाव नदीकाठचं असेल तर पूर आराखडा बायकांच्या नजरेने एकदा तपासून घ्या. 2019 आणि 2021 च्या पुरांनी शिकवलेली गोष्ट आहे ही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. ज्यांच्या बाळंतपणाच्या तारखा जुलै ते सप्टेंबरमध्ये आहेत त्यांची यादी आशाताईंकडून मे अखेरीस घ्या आणि इशारा पातळी गाठायच्या आत त्यांना रस्ता बंद होणार नाही अशा ठिकाणी हलवा. निवाऱ्याच्या शाळेत बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहं, रात्रीचा दिवा आणि सॅनिटरी पॅडचा साठा आहे का ते जूनमध्ये प्रत्यक्ष बघून या. यातल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, आणि कोणी विचारलं नाही म्हणूनच ती आराखड्यात नसतात.

बिनपैशाच्या ठरावाचं आपल्या जिल्ह्यातलं ठळक उदाहरण म्हणजे शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने मे 2022 मध्ये त्या ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव म्हणजे कायदा नव्हे, त्याने कोणाला शिक्षा होत नाही. म्हणून तो घेणार असाल तर मयताच्या घरी त्या दिवशी कोण जाणार, त्या दोघी-तिघींची नावं ठरावातच घाला. आणि त्याच्या जोडीला कागदावरचं काम करा: घराच्या नमुना 8 वर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याची मोहीम. नाव आधीपासून असेल तर विधवा बाईला घराबाहेर काढणं अवघड होतं. हे काम तुमच्याच दप्तरातलं आहे.

आता स्वतःचं पद सांभाळा. काम करायला लागलात की अपात्रतेच्या तक्रारी येतील. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत दिल्याची पोच जपून ठेवा. घरपट्टी-पाणीपट्टी बिल आल्यापासून तीन महिन्यांत भरा. राखीव प्रवर्गातून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र सादर करायची मुदत तपासा. ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कामात तुमचा आडून हितसंबंध नको, मालक ठेकेदार असतील तर विशेष जपून. आणि सरकारी जागेवरचं अतिक्रमण: जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कुटुंबीयांच्या अतिक्रमणावरूनही सदस्य अपात्र ठरू शकतो असं म्हटलंय. दुसरीकडे जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अशाच आरोपावरून पदावरून काढलं होतं, तो आदेश सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि निवडून आलेल्या महिलेला काढताना यंत्रणेने दाखवलेल्या घाईवर बोट ठेवलं. तेव्हा सासरच्या घराचा उतारा आणि मोजणी नकाशा आत्ताच काढून ठेवा.

आरक्षणाचा उपयोग काय, या प्रश्नाला माझं उत्तर ‘आहे, पण आपोआप नाही’ असं आहे. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली तेव्हा वाटा किमान एक-तृतीयांश होता, महाराष्ट्राने 2011 मध्ये तो 50 टक्के केला. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केला. प्रमुखपद महिलांसाठी राखीव असलेल्या गावांत गावातल्या बायकांना हव्या त्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च झाल्याचं त्यात दिसलं. पश्चिम बंगालमधल्याच नंतरच्या अभ्यासांत, महिला प्रमुख पाहिलेल्या गावांतल्या मतदारांचा बायकांच्या कारभाराबद्दलचा पूर्वग्रह कमी झाल्याचं आणि मुलींच्या शिक्षणाबद्दलच्या आईबापांच्या अपेक्षा वाढल्याचं आढळलं. लोकसभा आणि विधानसभांत एक-तृतीयांश जागा देणारी 106 वी दुरुस्ती 2023 मध्ये झाली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधलेली आहे. तुमची खुर्ची आज हातात आहे.

मात्र सरपंचपदाचं आरक्षण फिरतं, आणि पाच वर्षांनी तुमच्या गावात ते ‘सर्वसाधारण’ होऊ शकतं. तेव्हा सगळे गृहीत धरतात की आता पुरुषाचा नंबर. सर्वसाधारण जागेवर बाईला उभं राहता येतं, कायद्यात कुठेही अडचण नाही. त्याची तयारी आजपासून करायची तर दर ग्रामसभेत झालेल्या कामांची यादी, रक्कम आणि जागा स्वतः वाचून दाखवा, मालकांना किंवा अधिकाऱ्यांना वाचायला देऊ नका. दप्तर दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर तोंडी वाद न घालता विस्तार अधिकारी, पंचायत यांना आणि मग गटविकास अधिकाऱ्यांना लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय पंचायत समितीतून बाहेर पडू नका.